गुठळी तर निघाली, मग हात अजून का हलत नाही?

कॅथ लॅबचं, म्हणजे रक्तवाहिनीत नळी घालून उपचार करतात त्या खोलीचं, दार उघडतं, डॉक्टर बाहेर येऊन सांगतात, ‘गुठळी निघाली, रक्तवाहिनी पूर्ण उघडली.’ बाकावर बसलेल्या घरच्या माणसांना ऐकू येतं ते वेगळंच: ‘आता बरे होणार.’ दुसऱ्या दिवशी आयसीयूत डोकावलं तर उजवा हात तसाच लुळा, तोंडातून शब्द नाही. मग कुजबुज सुरू होते. काही चुकलं का? पैसे पाण्यात गेले का? आधीच दुसरीकडे न्यायला हवं होतं का?

बहुतेक वेळा काही चुकलेलं नसतं. लकव्याच्या झटक्यात मेंदूची मोठी वाहिनी गुठळीने बंद पडली, तर जांघेतून नळी घालून ती गुठळी ओढून काढतात. या उपचाराला थ्रॉम्बेक्टमी म्हणतात. २०१५ साली पाच मोठ्या चाचण्यांनी त्याची उपयुक्तता सिद्ध केली. पुढे पाचही चाचण्यांमधल्या १,२८७ रुग्णांचा एकत्र हिशेब मांडला गेला. गुठळी काढलेल्या गटात सुमारे ७१ टक्के रुग्णांची वाहिनी चांगली उघडली होती, पण तीन महिन्यांनी स्वतःचं स्वतः करू शकणारे होते ४६ टक्के. गुठळी न काढता फक्त औषधं दिलेल्यांमध्ये हाच आकडा साडेसव्वीस टक्के होता. म्हणजे उपचार जबरदस्त आहे, यात वाद नाही. तरीही वाहिनी उघडलेल्यांपैकी बरेच जण पूर्ववत होत नाहीत. हा फरक कशामुळे पडतो, तेच इथे सांगायचं आहे.

नर्मदेची लाइन आणि घरची बोअरिंग

इंदुरात नर्मदेच्या पाण्याची मुख्य लाइन फुटली की काय होतं, ते आठवा. ज्या सोसायटीत बोअरिंग आहे किंवा छतावर मोठी टाकी आहे, तिथे दोन दिवस निभावतं. ज्यांची सगळी मदार नळावर, त्यांच्याकडे संध्याकाळीच ठणठणाट. लाइन दोन्हीकडे एकाच वेळी दुरुस्त होते, पण तोवर कुणाच्या कुंड्या जिवंत असतात आणि कुणाच्या वाळून गेलेल्या. वाळलेल्या रोपाला पुन्हा पाणी मिळाल्याने पालवी फुटत नाही.

मेंदूतही असंच होतं. वाहिनी बंद पडल्यावर तिच्या अगदी मधल्या भागातल्या पेशी काही मिनिटांत मरू लागतात. त्याभोवतीचा भाग बंद पडतो, पण जिवंत असतो, कारण शेजारच्या वाहिन्यांच्या बारीक फांद्यांमधून त्याला थोडंफार रक्त मिळत राहतं. या आडवाटांना कोलॅटरल म्हणतात. ज्याच्या आडवाटा भक्कम, त्याचा मेंदू तग धरतो. ज्याच्या कमकुवत, त्याच्या मेंदूचा मोठा भाग दोन तासांतच जातो. आडवाटा किती आहेत हे बरंचसं जन्मजात ठरतं, आणि वय, जुना बीपी, जुनी शुगर त्यात आणखी घट करतात. शेजारच्या घरातले काका सहा तासांनी पोहोचूनही चालत घरी आले आणि आपले अण्णा अडीच तासांत पोहोचूनही अंथरुणाला खिळले, याचं कारण अनेकदा इथे दडलेलं असतं. कुणी हलगर्जी केली असंच काही नाही.

किती मेंदू आधीच गेला होता, याचा अंदाज पहिल्या सीटी स्कॅनवरून येतो. मेंदूच्या त्या वाहिनीच्या टापूचे दहा भाग पाडतात आणि जिथे नुकसान दिसतं त्या प्रत्येक भागाचा एक गुण कापतात. या गुणपत्रिकेला ॲस्पेक्ट्स म्हणतात. आठ ते दहा गुण म्हणजे बहुतेक मेंदू शाबूत. पाच किंवा त्याहून कमी म्हणजे मोठं नुकसान. पूर्वी अशा रुग्णांची गुठळी सहसा काढत नसत. २०२२ आणि २०२३ मध्ये जपान, चीन, अमेरिका, युरोप इथल्या चाचण्यांनी दाखवलं की त्यांनाही फायदा होतो. पण त्या ‘फायद्या’चा अर्थ नीट समजून घ्या. जपानच्या चाचणीत तीन महिन्यांनी निदान स्वतःच्या पायांनी चालू शकणारे ३१ टक्के होते, गुठळी न काढलेल्यांत सुमारे १३ टक्के. चालणं म्हणजे दुकानावर परत बसणं नव्हे. तेव्हा डॉक्टरांना ‘ऑपरेशन यशस्वी झालं का’ एवढंच विचारू नका, ‘पहिल्या सीटीचा स्कोअर किती होता’ हेही विचारा. पुढच्या तीन महिन्यांची कल्पना दुसऱ्या उत्तरातून जास्त येते.

वेळ कुठे जातो

मोठी वाहिनी बंद असताना सरासरी दर मिनिटाला १९ लाख चेतापेशी मरतात, असा अंदाज २००६ साली मांडला गेला. आकडा घाबरवणारा आहे, पण व्यवहारात त्याहून उपयोगी दुसरा हिशेब आहे. वाहिनी नीट उघडलेल्या दर हजार रुग्णांत, दवाखान्याच्या दारापासून वाहिनी उघडेपर्यंतचा वेळ पंधरा मिनिटांनी कमी केला, तर ३९ जणांचं अपंगत्व कमी राहतं आणि त्यातले २५ जण स्वावलंबी होतात. पंधरा मिनिटं म्हणजे ‘आधार कार्ड घरी राहिलं, कुणीतरी आणून द्या’ एवढाच वेळ.

दारात पोहोचण्याआधीचा वेळ मात्र आपल्या हातात असतो आणि तिथेच सगळ्यात जास्त वाया जातो. तोंड वाकडं झालं, एक हात वर धरला की खाली पडतो, बोलणं अडखळतं किंवा निरर्थक होतं, एकदम दिसेनासं होतं, तोल जातो: यातलं काहीही अचानक झालं की पुढची पायरी एकच, १०८ किंवा स्वतःची गाडी. तेल चोळणं नको, ‘झोपू दे, सकाळी बघू’ नको. बीपी झटकन उतरवणारी गोळी जिभेखाली ठेवू नका, कारण बंद वाहिनीच्या पलीकडे आडवाटांनी जे थोडं रक्त पोहोचतं आहे ते त्या बीपीच्याच जोरावर. ॲस्पिरिनही सीटीआधी नको, कारण झटका गुठळीचा आहे की रक्तस्रावाचा, हे बाहेरून ओळखता येत नाही. आणि पाणीसुद्धा पाजू नका, त्याचं कारण पुढे येईल.

दुसरी चूक पहिल्या दवाखान्याच्या निवडीत होते. जवळचं नर्सिंग होम ओळखीचं असतं, म्हणून तिथे नेतात, तिथे सीटी नसतो, सलाइन लागते, मग ‘मोठ्या दवाखान्यात न्या’. देवास, उज्जैन, धार, महू किंवा खंडव्याहून इंदुरात येणाऱ्यांचा वेळ रस्त्यात जातो तो वेगळाच. उज्जैनचे सुमारे ५५ किलोमीटर तासाभरात होतात, पण आधी तिथेच दोन ठिकाणी थांबून निघालं तर अडीच तास कुठेच गेले नाहीत. जवळच सीटीची सोय असलेला दवाखाना असेल तर तिथे स्कॅन करून, साडेचार तासांच्या आत गुठळी विरघळवणारं इंजेक्शन घेऊन पुढे निघणं योग्य. पण इंजेक्शन दिलं म्हणून ‘गुण येतो का बघू’ असं म्हणत थांबायचं नाही. मोठ्या वाहिनीतली मोठी गुठळी नुसत्या इंजेक्शनने बऱ्याचदा विरघळत नाही. इंजेक्शन चालू असतानाच अँब्युलन्स निघायला हवी.

घरात बीपी, शुगर किंवा हृदयाचा आजार असलेलं कुणी असेल, तर एका निवांत रविवारी दोन-तीन दवाखान्यांत फोन करून विचारून ठेवा: रात्री दोन वाजता गुठळी काढणारे डॉक्टर येतात का? नुसतं ‘कॅथ लॅब आहे’ हे उत्तर पुरेसं नाही, ती हृदयासाठी असू शकते. रामबाग किंवा नंदलालपुऱ्यात राहणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावं. अनंत चतुर्दशीच्या झाँक्या आणि रंगपंचमीची गेर या मिरवणुका असतात, तेव्हा राजवाड्याकडचे रस्ते बंद असतात. गाडी कुठल्या गल्लीने बाहेर काढायची, ते आधीच ठरलेलं बरं.

झोपेत झटका आला तर वेळ मोजायची ती रुग्ण शेवटचा ठीक दिसला तेव्हापासून. २०१८ च्या दोन चाचण्यांनी दाखवलं की स्कॅनमध्ये वाचवण्यासारखा मेंदू शिल्लक दिसत असेल तर निवडक रुग्णांना चोवीस तासांपर्यंत गुठळी काढून फायदा होतो. या ‘चोवीस तासां’नी थोडा घोळही केला आहे. ते चोवीस तास ज्यांच्या आडवाटा भक्कम होत्या त्यांच्यासाठी आहेत. आपल्या घरच्या माणसाच्या तशा आहेत की नाहीत, हे स्कॅन होईपर्यंत कुणालाच ठाऊक नसतं.

गुठळी कशी निघाली, यालाही गुण असतात

जांघेतल्या किंवा कधी मनगटातल्या धमनीतून नळी मेंदूच्या वाहिनीपर्यंत नेतात. मग दोन मार्ग. एक, जाळीदार स्टेंट गुठळीत उघडायचा, ती जाळीत अडकावी म्हणून काही मिनिटं थांबायचं आणि जाळीसकट ओढून घ्यायची. दुसरा, जाड नळी गुठळीला टेकवून पंपाने शोषून घ्यायची. बरेच डॉक्टर दोन्ही एकत्र वापरतात. ही जाळी आत राहत नाही. ‘मेंदूत स्टेंट टाकला’ असं घरी फोनवर सांगितलं जातं ते बहुतेक वेळा चुकीचं असतं.

शेवटच्या चित्रात रक्त कितपत पोहोचलं याची प्रत ठरवतात: शून्य, एक, दोन-ए, दोन-बी, दोन-सी, तीन. दोन-बीपासून पुढे ‘यशस्वी’ धरतात, पण दोन-बी म्हणजे निम्म्याहून जास्त भागात रक्त पोहोचलं, बस्स. तीन म्हणजे पूर्ण. दोन-बी आणि तीन या दोन्हींचं वर्णन बाहेर येऊन ‘उघडली’ असंच होतं, आणि तीन महिन्यांनंतरच्या सुधारणेत मात्र फरक पडतो. पहिल्याच ओढीत पूर्ण उघडली तर निकाल सर्वांत चांगला. तीनपेक्षा जास्त वेळा ओढावं लागलं तर यशाची शक्यता घटते आणि वाहिनीला इजा होऊन रक्तस्रावाचा धोका वाढतो.

ओढी वाढण्यामागे बहुधा हाताचा दोष नसतो, गुठळीचा पोत असतो. तांबड्या पेशींनी भरलेली गुठळी मऊ असते, पटकन येते. जुनी, तंतूंनी घट्ट विणलेली पांढरट गुठळी रबरासारखी चिकटून बसते. कधी ओढताना तिचा तुकडा सुटून पुढच्या बारीक फांदीत जाऊन अडकतो. आणि आपल्याकडे वारंवार दिसणारी अडचण म्हणजे मेंदूतलीच वाहिनी आधीपासून चरबीच्या थराने अरुंद झालेली असते. पाश्चात्त्य देशांपेक्षा आशियाई लोकांत हे प्रमाण जास्त आहे. अशा वाहिनीतली गुठळी काढली तरी खालची खडबडीत जागा तशीच राहते आणि काही वेळात तिथेच पुन्हा गुठळी धरते. अशा वेळी फुग्याने वाहिनी रुंद करावी लागते, क्वचित खरोखरचा कायमचा स्टेंटही घालावा लागतो आणि रक्त पातळ करणारी औषधं लगेच सुरू करावी लागतात. त्यात रक्तस्रावाचा धोका आला. हे निर्णय टेबलावर, पाच मिनिटांत घ्यावे लागतात.

मोठी वाहिनी शंभर टक्के उघडूनही पलीकडच्या केसासारख्या वाहिन्या सुजून बुजलेल्या राहू शकतात. चित्रात सगळं उत्तम दिसतं आणि पेशींपर्यंत रक्त पोहोचत नाही. यावर खात्रीचा इलाज अजून नाही.

पहिले तीन दिवस

बीपीबद्दल घरच्यांचा आग्रह असतो की ‘एकदम नॉर्मल करा’. उपचारानंतर पहिले चोवीस तास बीपी १८०/१०५ च्या वर जाऊ द्यायचं नसतं, हे खरं. पण फार खाली आणणंही वाईट. चीनमध्ये वरचा आकडा १२० च्या खाली ठेवून पाहिला, तर त्या गटाची अवस्था बिघडली. ही चाचणी २०२२ मध्ये मध्येच थांबवावी लागली. कोरियात १४० च्या खाली ठेवण्याचा प्रयोगही थांबवावा लागला. मॉनिटरवर १६० दिसलं म्हणून नर्सला ओरडू नका.

शुगरचंही तसंच. दाखल होताना शुगर चढलेली असेल तर सुधारणा कमी होते आणि रक्तस्राव जास्त, हे अनेकदा दिसून आलं आहे. इन्सुलिनने ती १४० ते १८० च्या दरम्यान ठेवतात. २०१९ मध्ये ८० ते १३० इतकी कडक ठेवून पाहिली, जास्त फायदा झाला नाही, उलट शुगर धोकादायक खाली जाण्याचे प्रसंग वाढले. ताप आला तर लगेच उतरवायचा आणि कारण शोधायचं. बहुतेकदा ते छातीत किंवा लघवीच्या नळीत सापडतं.

छातीतल्या संसर्गाचं एक मोठं कारण घरची माया असते. झटक्यानंतर सुरुवातीला निम्म्याच्या आसपास रुग्णांना गिळता येत नाही, आणि हे बाहेरून दिसत नाही. भेटायला आलेली काकू चमच्याने पाणी पाजते, रुग्ण खोकत नाही, सगळ्यांना बरं वाटतं. पाणी मात्र श्वासनळीत गेलेलं असतं. तिसऱ्या दिवशी न्यूमोनिया. गिळण्याची तपासणी होईपर्यंत तोंडातून काहीही नाही, औषधाची गोळी नाही आणि तीर्थसुद्धा नाही. तपासणी पास झाल्यावरही सुरुवात घट्टसर पदार्थांनी: मऊ खिमट, दाटसर दही, कुस्करलेलं केळं. पातळ पाणी सर्वांत अवघड असतं, हे लोकांना खरं वाटत नाही. सुटे पोहे आणि वर शेव, हा इंदुरी नाश्ता तर गिळण्याची अडचण असलेल्यासाठी सापळाच. कण घशात विखुरतात. रुग्ण पूर्ण ताठ बसलेला हवा, घास लहान, लुळ्या बाजूच्या गालात घास साचला आहे का ते बोटाने पाहायचं, आणि जेवणानंतर अर्धा तास आडवं करायचं नाही. नाकातली नळी लावली म्हणजे परिस्थिती गंभीर झाली, असं समजू नका. तीच नळी न्यूमोनियापासून आणि उपासमारीपासून वाचवते.

जांघेतून नळी घातली असेल तर पाय काही तास सरळ ठेवावा लागतो. तिथे फुगवटा आला, पाय गार पडला किंवा कंबरेत सणकून दुखू लागलं तर लगेच सांगायचं.

चोवीस तासांनी पुन्हा सीटी होतो. त्यात पांढरे डाग दिसले की धडकी भरते. ते रक्त असू शकतं, किंवा उपचारात वापरलेलं रंगद्रव्य मेंदूत झिरपलेलं असू शकतं. रंगद्रव्य एक-दोन दिवसांत फिकं होतं, रक्त राहतं. लक्षणं बिघडवणारा रक्तस्राव त्या पाच चाचण्यांत ४.४ टक्के रुग्णांत झाला. गुठळी न काढलेल्यांतही तो ४.३ टक्के होता, म्हणजे मेलेल्या मेंदूत रक्त उतरणं हा आजाराचाच भाग आहे.

सूज दुसऱ्या ते पाचव्या दिवसात सर्वांत जास्त असते. आधी बोलणारा रुग्ण या दिवसांत झोपाळू होत गेला तर ‘थकलेत, झोपू द्या’ म्हणू नका. मोठा भाग मेलेला असेल आणि वय साठच्या आत असेल तर कवटीचं हाड काढून मेंदूला जागा द्यावी लागते. अठ्ठेचाळीस तासांच्या आत हे केलं तर जगणाऱ्यांचं प्रमाण २९ वरून ७८ टक्क्यांवर जातं, असं युरोपातल्या तीन चाचण्यांच्या एकत्रित अभ्यासात दिसलं. जगलेल्यांतले कित्येक अपंगत्वासह जगतात, हेही त्याच अभ्यासात आहे. सही करण्याआधी दोन्ही बाजू ऐकून घ्या.

पुढचा अंदाज बांधण्यासाठी एक आकडा वहीत लिहून ठेवण्यासारखा आहे: चोवीस तासांनंतरचा एनआयएच स्कोअर. शुद्ध, नजर, हात-पाय, बोलणं अशा बाबी तपासून शून्य ते ४२ गुण देतात, जास्त म्हणजे वाईट. दाखल होतानाच्या आकड्यापेक्षा चोवीस तासांनंतरचा आकडा पुढचं जास्त खरं सांगतो. दाखल होताना १८ असलेला ७ वर आला तर चांगलं लक्षण. १८ चा १८ राहिला तर धीर धरावा लागेल.

झटक्याआधीचा माणूस

वय वाढतं तशी सुधारणा कमी होते, हे खरं. पण ऐंशीच्या पुढे गुठळी काढून उपयोग नाही, हे खोटं. त्या वयातही न काढण्यापेक्षा काढणं फायद्याचं ठरलं आहे. वयापेक्षाही जास्त बघायचं ते झटक्याआधी माणूस काय करत होता. ब्याऐंशीच्या आजी रोज स्वतः भाजी आणत होत्या, आणि पासष्टचे काका आधीच्या झटक्याने काठीवर होते, तर आजींची आशा जास्त. डॉक्टर ‘आधी कसे होते’ विचारतात तेव्हा घरचे मानापोटी ‘एकदम फिट’ असं सांगून टाकतात. उपचाराचा निर्णय त्या उत्तरावर ठरत असतो.

मग फिजिओ, आणि घर

पहिल्याच दिवशी उभं करण्याची घाई नको. २०१५ मधल्या दोन हजारांहून जास्त रुग्णांच्या चाचणीत चोवीस तासांच्या आत, वारंवार आणि जास्त वेळ उठवलेल्या गटाची सुधारणा थोडी कमीच निघाली. दुसऱ्या दिवसापासून, थोड्या थोड्या वेळासाठी पण अनेकदा, हे जमतं. तोवर दर दोन तासांनी कूस बदलणं, टाच अधांतरी राहील अशी उशी, आणि पायात गुठळी होऊ नये म्हणून हवा भरणारे पट्टे.

लुळा खांदा ही घरोघरची फसगत. उठवताना माणसं सवयीने त्या हाताला धरून ओढतात किंवा काखेत हात घालून उचलतात. स्नायूंचा आधार गेलेला सांधा निसटतो, मग महिनोन्‌महिने दुखतो, आणि दुखरा हात कुणी हलवू देत नाही. उठवायचं ते कंबरेला पट्टा किंवा दुपट्टा बांधून. बसल्यावर हात उशीवर, लोंबकळत नाही.

उजव्या मेंदूचा झटका असेल तर डाव्या बाजूचं जगच जणू पुसलं जातं. रुग्ण ताटातला डावीकडचा वरण-भात सोडून देतो आणि ‘वाढलंच नाही’ म्हणून रागावतो. हा हट्ट नाही. बसायची, बोलायची, पाण्याचा तांब्या ठेवायची जागा मुद्दाम डावीकडे करा, म्हणजे मान तिकडे वळेल. पण गरम चहा डावीकडे ठेवू नका.

डाव्या मेंदूचा असेल तर बहुतेकांची भाषा जाते, आणि इथे इंदुरातल्या मराठी घरांची एक खास अडचण आहे. घरात मराठी, बाजारात आणि कचेरीत हिंदी. वॉर्डात सगळे विचारतात ‘हाथ उठाइए’, स्पीच थेरपिस्टही हिंदीतच शिकवतात. दोन भाषा येणाऱ्या बहुतेकांत दोन्ही बरोबरीने परततात, पण सगळ्यांत नाही. एखादी आधी येते, दुसरी मागे राहते. म्हणून तपासणीच्या वेळी घरचं कुणीतरी हजर राहून तेच प्रश्न मराठीतही विचारावेत. थेरपिस्टला घरातले रोजचे पंचवीस-तीस मराठी शब्द लिहून द्या: पाणी, चष्मा, दुखतंय, नको, नातवंडांची नावं. स्वतःहून एक शब्द न फुटणाऱ्या माणसाला पाढे, वारांची नावं, पाठ असलेली आरती मात्र सलग म्हणता येते, कधी कधी शिव्याही स्पष्ट येतात. घरचे त्यावरून समजतात की बोलता येतं, मुद्दाम बोलत नाहीत. पाठ असलेलं बोलणं आणि जुळवून बोलणं मेंदूत वेगवेगळ्या वाटांनी चालतं. आरतीच्या चालीचा उपयोग शब्द बाहेर काढायला करता येतो. मोठ्या आवाजात बोलून काही होत नाही, ते बहिरे झालेले नाहीत.

साधारण तीनांतल्या एकाला झटक्यानंतर नैराश्य येतं. ‘व्यायाम करत नाहीत, आळशी झालेत’ ही तक्रार असली की आधी त्याची चौकशी करा. ते ओळखून औषध दिलं की माणूस व्यायामाला उभा राहतो. नैराश्य नसताना सुधारणेसाठी म्हणून फ्लुओक्झेटिन हे नैराश्याचं औषध देण्याची पद्धत मात्र २०१८ च्या तीन हजार रुग्णांच्या चाचणीनंतर मागे पडली. हातापायांत फरक पडला नाही, हाडं मोडण्याचं प्रमाण वाढलं. मेंदूची ‘ताकद’ वाढवणाऱ्या महागड्या इंजेक्शनांवर खर्च करण्याआधीही दोनदा विचारा. त्यातलं खूप वापरलं जाणारं सिटिकोलिन २०१२ च्या मोठ्या चाचणीत निरुपयोगी ठरलं. तेच पैसे सहा महिन्यांच्या फिजिओला पुरतात.

आणि फिजिओ लागतोच. ‘एकदा शिकून घेऊ, मग घरीच करू’ हा विचार भारतातच तपासला गेला आहे. चौदा दवाखान्यांतल्या १,२५० रुग्णांच्या घरच्यांना शिकवून पाहिलं, निकाल २०१७ मध्ये आला: नेहमीच्या काळजीपेक्षा जास्त सुधारणा झाली नाही. घरच्यांची मदत वाया जाते असा याचा अर्थ नाही, ती फिजिओच्या जागी चालत नाही एवढंच. सर्वांत वेगाने सुधारणा पहिल्या तीन महिन्यांत होते, नंतर वेग कमी होतो पण थांबत नाही. व्यायाम मोजून आणि कामाशी जोडून करावा: खुर्चीतून उठणं दहा वेळा, दिवसातून तीनदा, वाटीतून शेंगदाणे उचलणं, सदऱ्याची बटणं. बोटांत थोडी हालचाल परतली असेल तर चांगला हात काही तास बांधून वाईट हातालाच काम करायला लावण्याची पद्धत आहे, ती फिजिओच्या सल्ल्याने. जुन्या वाड्याचा अरुंद जिना असेल तर काही महिने खालच्या खोलीत मुक्काम हलवा, भारतीय संडासावर खुर्ची बसवा.

गुठळी आली कुठून?

हा प्रश्न सुटल्याशिवाय घरी येऊ नका. हृदयाचे ठोके अनियमित असतील तर रक्त पातळ करणारी गोळी कायमची, आणि ती कधी सुरू करायची ते झटका किती मोठा त्यावर ठरतं, काही वेळा दोन दिवसांत, काही वेळा आठवड्याने. तरुण रुग्णात संधिवाताच्या तापाने खराब झालेली हृदयाची झडप हे आपल्याकडे अजून सापडणारं कारण आहे. झडप अरुंद असून ठोके अनियमित असतील तर रक्त पातळ करणाऱ्या नव्या गोळ्यांपेक्षा जुनी वॉर्फरिनच चांगली ठरली आहे, आणि त्यासाठी रक्त किती पातळ झालं ते दाखवणारा आयएनआर नियमित तपासावा लागतो. मानेतली वाहिनी खूप अरुंद असेल तर तिचं ऑपरेशन किंवा स्टेंट शक्यतो दोन आठवड्यांच्या आत.

डिस्चार्जच्या कागदावर पाच गोष्टी लिहिलेल्या आहेत का ते रिक्षात बसायच्या आधी बघा: कुठली वाहिनी बंद होती, पहिल्या सीटीचा स्कोअर, किती ओढींत कितपत उघडली, चोवीस तासांनंतरचा एनआयएच स्कोअर, आणि गुठळीचं कारण. नव्वद दिवसांनी तपासणीला जाल तेव्हा शून्य ते सहा अशी श्रेणी देतील. शून्य म्हणजे काहीच त्रास नाही, दोन म्हणजे पूर्वीची सगळी कामं जमत नाहीत पण स्वतःचं स्वतः करता येतं, तीन म्हणजे मदत लागते पण चालता येतं, पाच म्हणजे अंथरुणाला खिळलेले, सहा म्हणजे मृत्यू. त्या दिवशी तीन मिळाले तर फिजिओ बंद करू नका. तिनाचे दोन पुढच्या काही महिन्यांतही होतात.